दृश्य कुणाचं? निसर्गसौंदर्याच्या नजरेची एक चिकित्सा



आजची सुरुवात एका घरगुती प्रसंगाने करतो. आमच्या इमारतीत एक जोडपं राहतं, दोघंही बँकेतून निवृत्त झालेली. मागच्या उन्हाळ्यात ती एका टूरबरोबर इंग्लंड-स्कॉटलंडला जाऊन आली. आल्यावर चहाला बोलावलं आणि टीव्हीवर फोटो दाखवले. विंडरमिअरचं सरोवर आलं, ग्रासमिअर आलं, पुढे स्कॉटलंडचे डोंगर आले. सगळ्या फोटोंत एक गोष्ट सारखी होती. दोघं आमच्याकडे बघून हसतायत, आणि ज्याच्यासाठी एवढे लाख मोजले ते सरोवर त्यांच्या पाठीमागे! मी चेष्टेनं विचारलं, "अहो, सरोवर पाहिलंत कधी?" त्यावर वहिनी म्हणाल्या, "सर, आता बघतोय की, तुमच्याबरोबर."

मी हसलो, पण घरी येऊन विचार करायला लागलो. वहिनींचं उत्तर मी समजत होतो तितकं भाबडं नव्हतं. आपल्याला वाटतं, निसर्गाकडे पाठ फिरवून त्याचं चित्र घेणं हा मोबाईलचा रोग आहे. तसं नाही. हा रोग अडीचशे वर्षांचा आहे, त्याचं जन्मगाव तेच लेक डिस्ट्रिक्ट आहे, आणि तो लावणारे लोक त्या काळातले सर्वांत रसिक लोक होते.

अठराव्या शतकात इंग्लंडमधला सुशिक्षित प्रवासी खिशात एक छोटा आरसा बाळगायचा. गडद रंगाचा, किंचित फुगीर. क्लोद लोरें या चित्रकाराच्या नावावरून त्याला 'क्लोद ग्लास' म्हणत. प्रवासी डोंगराकडे पाठ करून उभा राहायचा, आरसा समोर धरायचा आणि त्यात उमटलेला डोंगर बघायचा. आरशात डोंगर लहान व्हायचा, कडा मऊ व्हायच्या, रंग जुन्या तैलचित्रासारखे दिसायचे. थॉमस ग्रे हा कवी १७६९ मध्ये सरोवरांच्या सहलीला गेला तेव्हा त्याच्याकडेही हा आरसा होता. केझिकजवळ तो आरशात बघता बघता चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि हाताची बोटं सोलवटून घेतली. त्यानंच हे लिहून ठेवलंय. सेल्फी काढताना पडलेल्यांची यादी कुणी करणार असेल, तर पहिला मान या कवीला द्यावा लागेल.

पुढे १७७८ मध्ये थॉमस वेस्ट यानं या सरोवरांची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात त्यानं 'स्टेशनं' ठरवून दिली. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, तेव्हा रेल्वे कुठली! अमुक ठिकाणी उभं राहा, तमुक दिशेला बघा, म्हणजे दृश्य नीट जुळून येईल, अशी उभं राहण्याची जागा. विंडरमिअरच्या पश्चिम काठावर क्लेफ इथे तर अशा जागेवर चक्क इमारत बांधली गेली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. पिवळ्या काचेतून ग्रीष्म दिसायचा, हिरव्यातून वसंत, निळ्यातून चांदणं. ऋतूची वाट बघायची गरज नाही. आपण फोटोला जे फिल्टर लावतो ते तेव्हा खिडकीला लावलेले होते.

आणि विल्यम गिल्पिन! चित्रासारखं दिसणाऱ्या निसर्गाचं शास्त्र मांडणारा हा पाद्री. वाय नदीवरचं त्याचं पुस्तक १७८२ मध्ये आलं. टिंटर्नच्या पडक्या मठाबद्दल त्याची तक्रार अशी की, भिंतींचे त्रिकोणी माथे फार नीटस राहिलेत, कुणी बेतानं हातोडा चालवला तर दृश्य सुधारेल. विनोद सोडून द्या, त्याच्या तर्काकडे बघा. दृश्य आधी ठरलेलं आहे, आणि वास्तू त्याप्रमाणे नसेल तर वास्तूत सुधारणा करायची. आजच्या व्याख्यानाचं सूत्र हेच आहे. चित्राच्या चौकटीत जे बसत नाही त्याचं काय करायचं? भिंत बसत नसेल तर हातोडा. आणि माणूस बसत नसेल तर?

आता वर्डस्वर्थकडे येतो. कवी म्हणून तो आपल्याला शाळेपासून माहीत आहे. डॅफोडिल्सची कविता आपल्यापैकी निम्म्यांनी तरी पाठ केली असेल, डॅफोडिल हे फूल आयुष्यात न बघता. तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगतो. ती फुलं त्यानं १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटरच्या काठावर पाहिली. बरोबर बहीण होती, डोरोथी. तिनं त्या दिवसाची नोंद रोजनिशीत इतकी सुंदर केली आहे की कवितेचं बरंचसं सामान तिथे मिळतं. कवितेत मात्र तो एकटा आहे. मी याला खोटेपणा म्हणत नाही, कवीला तो अधिकार आहे. पण लक्षात ठेवा, दृश्य तयार होताना शेजारी चालणारी बहीणसुद्धा चौकटीबाहेर गेली.

मला बोलायचंय ते त्याच्या गद्य पुस्तकाबद्दल. सरोवरांच्या प्रदेशाची मार्गदर्शिका त्यानंही लिहिली. १८१० मध्ये ती दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाला जोडलेला निनावी मजकूर म्हणून आली, मग वाढत वाढत १८३५ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली. टीकाकार म्हणून माझं मत सांगतो. हे वेस्ट आणि गिल्पिन यांच्यापेक्षा फार वरच्या दर्जाचं पुस्तक आहे, कारण वर्डस्वर्थला त्या चौकटीत माणसं दिसतात. ती घरं त्या दगडाचीच का आहेत, भिंती कुणी रचल्या, छोट्या शेतकरी-मेंढपाळांचा तिथला समाज कसा होता, हे तो सांगतो. श्रीमंत लोक येऊन पांढरीफेक घरं बांधतात आणि लार्चची झाडं ओळीनं लावतात, यावर तो चिडतो. हा प्रदेश निसर्गानं आणि श्रमानं मिळून घडवलाय, हे ओळखणारा तो पहिल्या काही लेखकांपैकी. शेवटी तो म्हणतो, आशय सांगतो, की ज्याच्याकडे बघायला डोळा आणि आनंद घ्यायला हृदय आहे, त्या प्रत्येकाचा या प्रदेशावर हक्क आहे. ही जणू साऱ्या राष्ट्राची ठेव आहे. केवढा उदार विचार! १८९५ मध्ये इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली, पुढे १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचं बीज इथे आहे असं मानतात, आणि ते बरोबर आहे.

पण त्या वाक्यात एक अट आहे. 'ज्याच्याकडे डोळा आहे.' डोळा आहे की नाही हे तपासणार कोण?

नऊच वर्षांनी, १८४४ मध्ये, ही अट वापरायची वेळ आली. केंडलपासून विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणायची योजना निघाली. गिरण्यांच्या गावांतले कामगार सुट्टीच्या दिवशी स्वस्तात सरोवर बघायला येऊ शकले असते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, राजकवी झालेल्या वर्डस्वर्थनं वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध केला. धूर, गोंगाट, गर्दी हे मुद्दे होतेच, आणि त्यात तथ्यही होतं. पण मुख्य युक्तिवाद निराळा होता. डोंगर-दऱ्यांच्या सौंदर्याची जाण जन्मजात नसते, ती हळूहळू संस्कारानं येते. तेव्हा कामगारांना गाडीत भरून एकदम इथे आणून सोडलं तर त्यांचं काही भलं होणार नाही. त्यांनी आधी आपल्या गावाजवळच्या शेतांमधून फिरायला शिकावं.

बघा, दहा वर्षांच्या आत साऱ्यांची ठेव पुन्हा काहींची झाली, आणि तीही त्याच वाक्यातल्या अटीच्या जोरावर. माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. अट पहिल्यापासून तिथेच होती.

इथे मला माझ्या विषयाची कबुली द्यायला हवी. तीसेक वर्षं मी कांट शिकवला. सौंदर्याचा आनंद हा हितसंबंधविरहित असतो, वस्तू माझी आहे का, माझ्या कामाची आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणूनच सौंदर्यविधान सगळ्यांनी मान्य करावं अशी अपेक्षा आपण धरू शकतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तून आमच्या पिढीनं हे मराठीत समजून घेतलं. मी ते फळ्यावर लिहायचो आणि मुलं वहीत उतरवायची. पण कांटनं उदात्ताची चर्चा करताना एका शेतकऱ्याचा उल्लेख केलाय, त्याच्याकडे मी नोकरीत असताना कधी थांबून पाहिलं नाही. सॅव्हॉयमधला हा शेतकरी बर्फाच्या डोंगरांवर प्रेम करणाऱ्या प्रवाशांना सरळ मूर्ख म्हणतो. कांटचं म्हणणं असं की, नैतिक कल्पनांचा विकास झाला नसेल तर जे आपल्याला उदात्त वाटतं ते संस्कारहीन माणसाला नुसतं भयानक वाटतं. कांट हे कोनिग्सबर्गमध्ये बसून लिहितो. त्यानं जन्मात कधी आल्प्स पाहिला नाही! आणि ज्याला रोज त्या डोंगराखाली गुरं राखायची आहेत, हिमकडा कोसळला तर ज्याचं घर जाणार आहे, त्याच्याकडे संस्कार कमी पडतात.

माझा आक्षेप नेमका सांगतो. 'हितसंबंध नसलेला आनंद' ही कल्पना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. असा आनंद असतो, तुम्ही-आम्ही तो घेतलाय. पण तो घ्यायला एक फुरसत लागते, सुरक्षितपणा लागतो. कांट या फुरसतीला 'संस्कार' म्हणतो. वर्डस्वर्थ तिला 'डोळा' म्हणतो. दोघेही परिस्थितीला गुण समजतात. घसरण तिथे आहे.

इंग्लंडमध्ये ही घसरण निदान लोकांना गाडीबाहेर ठेवण्यापर्यंतच गेली, आणि तीही टिकली नाही; १८४७ मध्ये रेल्वे विंडरमिअरला पोचलीच. ती त्याच्या पुढे कधी गेली नाही हेही खरं. अमेरिकेत काय झालं?

कॅलिफोर्नियातलं योसेमिटी खोरं. ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, धबधबे, तळाशी गवताची कुरणं आणि ओकची झाडं. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी तिथल्या आवानीची लोकांना हुसकायला खोऱ्यात शिरली. तुकडीत लफायेट बनेल नावाचा एक माणूस होता, त्यानं पुढे सगळी हकीकत लिहिली. खोरं पहिल्यांदा बघताना तो भारावून गेला. मोहीम माणसांना हाकलायची आणि डोळ्यांत सौंदर्यानं पाणी! दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसात. एका सरोवराला त्यानं त्या लोकांच्या म्होरक्याचं, तेनायाचं, नाव द्यायचं ठरवलं आणि कौतुकानं तसं सांगितलं. तेनाया म्हणाला, त्याला नाव आहे. आज नकाशावर 'तेनाया लेक' आहे. ज्याचं सरोवर काढून घेतलं त्याचंच नाव सरोवराला, त्याच्या इच्छेविरुद्ध.

तेरा वर्षांनी, १८६४ मध्ये, अध्यक्ष लिंकननं हे खोरं जनतेच्या आनंदासाठी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली. जगातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासात ही मोठी घटना आहे आणि मी तिचं मोल कमी करत नाही. पण 'जनता' या शब्दात कोण बसलं आणि कोण नाही, हे विचारायला हवं. पुढे अँसल अॅडम्सचे कृष्णधवल फोटो जगभर गेले. अप्रतिम आहेत. त्यांत कडे आहेत, ढग आहेत, माणूस बहुधा नाही. आपण म्हणतो, बघा, माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग! आणि गंमत अशी की ती कुरणं त्या लोकांनी शतकानुशतकं ठरवून लावलेल्या आगींमुळे मोकळी राहिली होती. ओकची फळं त्यांचं अन्न, म्हणून ओक जपायचे, बाकीची झाडी वाढू द्यायची नाही. आगी बंद झाल्या तसं सूचिपर्णी झाडांनी कुरणं भरायला लागली. ज्याला आपण निसर्गाची कलाकृती म्हणत होतो, ती निम्मी शेतकी होती.

तिसरं ठिकाण ऑस्ट्रेलियातलं. मध्यभागी लाल वाळवंटात उलुरू हा प्रचंड खडक. १८७३ मध्ये विल्यम गॉस नावाच्या सर्वेक्षकानं त्याला 'एअर्स रॉक' नाव दिलं, अनांगू लोकांचं नाव आधीपासून असताना. पुढे तो चढून जाणं हा पर्यटकांचा मुख्य कार्यक्रम झाला. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारनं जमिनीची मालकी अनांगूंना परत दिली, पण अट अशी की ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं लगेच उद्यानासाठी द्यायची. अनांगू म्हणत राहिले, कृपा करून चढू नका. पायथ्याशी तशी पाटी होती. पाटी वाचून लोक चढत होते. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ ला चढण्यावर बंदी आली, आणि त्याआधीच्या दिवसांत चढणाऱ्यांची रांग लागली होती. बंद होणार म्हटल्यावर आधी हात मारून घ्यायचा! हा स्वभाव कुठल्या एका देशाचा नाही, हे आपण जाणतो.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. उलुरूच्या पायथ्याला काही जागा अशा आहेत की तिथे फोटो काढू नका अशी विनंती आहे. त्या खडकाच्या खाचाखोचांमध्ये जे सांगितलेलं आहे, ते त्यांना शास्त्रासारखं आहे, ते तिथेच जाऊन पाहायचं, उचलून न्यायचं नाही. म्हणजे स्थळच म्हणतंय, मी दृश्य नाही. आपण ज्या नजरेला सहज हक्क समजत होतो, तिला पहिल्यांदा कुणीतरी 'नाही' म्हटलं.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होईल. कुणी म्हणेल, सर, हे सगळं पाश्चात्यांचं. आपल्याकडे 'दर्शन' आहे, तिथे आपण देवाला बघतो आणि देव आपल्याला बघतो. मीही हे वाक्य वर्गात उत्साहानं बोललोय. महाबळेश्वरचं उदाहरणही द्यायचो. एकीकडे जुनं क्षेत्र, पंचगंगेचं देऊळ, कृष्णेचा उगम. दुसरीकडे साहेबानं ठरवलेले एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट. हे 'पॉइंट' म्हणजे वेस्टची 'स्टेशनं'च, साहेबाच्या सामानातून आलेली. माथेरानलाही तेच.

तुलना आकर्षक आहे, पण प्रामाणिक नाही. कारण आपल्या दर्शनालाही अट होतीच. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो कशासाठी? आणि त्याआधी, १९२७ मध्ये, महाडचं चवदार तळं. तेही तळंच होतं. तिथे प्रश्न दृश्याचा नव्हता, पाण्याचा होता. त्या तळ्याचं पाणी जनावर पिऊ शकत होतं, माणूस नाही. इंग्लंडच्या सरोवरावर 'तुझ्याकडे डोळा नाही' म्हणणं आणि इथे 'तुझ्या स्पर्शानं विटाळ होतो' म्हणणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुसरी कितीतरी क्रूर आहे. पण एक गोष्ट दोन्हींत समान आहे: साऱ्यांचं जे आहे त्याच्या दारात कुणीतरी पात्रता तपासायला उभा आहे.

काळारामच्या दोन वर्षांनंतरच, २४ एप्रिल १९३२ ला, इंग्लंडातही लोक एका डोंगरावर बंदी मोडून चढले. किंडर स्काउट हा पठारी डोंगर, डर्बीशायरमधला. जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेला. मँचेस्टर आणि आसपासचे तरुण कामगार सामूहिकपणे त्यात शिरले, काही जण तुरुंगात गेले. ज्यांना आपल्या गावाजवळच्या शेतांत फिरायला शिका असं सांगितलं होतं, त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं. त्यांच्याकडे डोळा होता की नाही याचं उत्तर त्यांनी पायांनी दिलं. १९४९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या वावराचा कायदा झाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता.

शेवटी पुन्हा लेक डिस्ट्रिक्ट. तिथले एक मेंढपाळ, जेम्स रीबँक्स, यांचं आत्मकथन २०१५ मध्ये आलं, 'द शेपर्ड्स लाइफ'. त्यात शाळेतला प्रसंग आहे. बाई मुलांना लेक डिस्ट्रिक्टचं महत्त्व सांगतायत, कवी सांगतायत, गिर्यारोहक सांगतायत. मुलाला कळतं, ही ज्या प्रदेशाबद्दल बोलतेय त्याचं नाव माझ्या गावाचं आहे, पण त्यात माझे आजोबा नाहीत. तिथल्या हर्डविक मेंढ्यांना उघड्या डोंगरावर कुंपण नसतं. आपली चरायची हद्द कोकरू आईमागून फिरत शिकतं, पिढ्यान्‌पिढ्या. ते ज्ञान मेंढ्यांत आणि मेंढपाळांत आहे, आणि डोंगर तसा हिरवा, मोकळा दिसतो तो त्या चरण्यामुळे. २०१७ मध्ये युनेस्कोनं लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हटलं, मेंढपाळीसकट. चौकटीत माणूस परत आला म्हणायचा, निदान कागदावर.

वर्डस्वर्थ आणि रीबँक्स ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा असं मी सुचवीन. पहिलं फेकून देऊ नका. पहिल्यानं मेंढपाळाकडे प्रेमानं बघितलं. दुसऱ्यात मेंढपाळ वर मान करून विचारतो, तुम्ही कोण? प्रेमानं बघितलं म्हणून हा प्रश्न चुकवता येत नाही.

वेळ संपली आहे, पण समोरून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "सर, आम्ही सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाला मुलाकडे जाणार आहोत. योसेमिटीचं बुकिंग झालंय. जावं की नाही?"

जावं! अवश्य जावं. बोगद्यातून बाहेर आल्याबरोबर जे समोर येतं त्यानं डोळे भरून आले तर भरू द्यावेत, संकोच करू नये. फोटोही काढा, पाठमोरे काढलेत तरी चालेल, थोर कवींनी तेच केलंय. फक्त तिथे असलेल्या संग्रहालयात अर्धा तास घालवा आणि त्या खोऱ्याचं जुनं नाव काय होतं ते बघून या. परत आल्यावर चहाला बोलवा, मी येईन. त्या वेळी पहिला फोटो दाखवण्याआधी मला ते नाव सांगा, एवढीच विनंती.